देवकाचं पीस

४ फेब्रुवारी

मोडलं! सुकन्याताईचं जमत आलेलं लग्न मोडलं. देवणीचे पाहुणे च्या पिऊन उठता उठता त्यांचा म्हातारा म्हणला — आमचं देवक गरुडाचं पीस. आबा गारच पडले. आमचं बी तेच! एक देवक म्हणजे भाऊ-बहीण. खलास.

पोरगा चांगला व्हता. नाव सुदर्शन. लातूरला दाळमिलमधी सुपरवायझर.

 ताई जेवली. तीन भाकऱ्या! दुःखात माणसाला भान राहत न्हाई.

६ फेब्रुवारी

केळीच्या बागेत पिसं वेचायला गेले, ज्ञानेश्वरी मॅडमसंगं. त्या नांदेडच्या कॉलेजातल्या, शिकारी पाखरांचा अभ्यास करून राहिल्या. आठवीत शाळा सुटल्यापासून हेच एक काम मला जमतं — कुणाशी बोलायला लागत न्हाई.

आज म्हणल्या, ससाणा घारी-गरुडाच्या भावकीतला न्हाईच! लई जुन्या काळातला त्यो पोपटाचा चुलत. पिसाच्या देठातून डीएनए काढला की कळतं. "चोच वाकडी दिसली म्हणून एका घरात घालायचं नाही गं."

तवाच डोक्यात आलं — आपल्या देव्हाऱ्यातलं पीस तरी गरुडाचं हाय का? कुणी बघितलं?

७ फेब्रुवारी

कापलं. देठाचं टोक, ब्लेडनं. देवाचं पीस! मॅडमच्या हातात देऊन तशीच माघारी पळाले.

८ फेब्रुवारी

ताप. मायनं मीठ-मिरच्या ओवाळल्या. "कुणाची नजर लागली गं लेकराला!" नजर न्हाई माय. मीच.

२ मार्च

मॅडमचा फोन येईना. आज आबा चष्मा लावून पीस निरखत बसले. मेले मी! मग म्हणले, "कसर लागली की काय ह्याला." डांबरगोळ्या आणायला गेले.

११ मार्च

ससाणा! गरुड न्हाई, ससाणा! मॅडम म्हणल्या, पक्कं.

पण सांगायचं कुणी? घरात मला मुकी म्हणतेत.

१२ मार्च

सांगितलं. सगळ्यांसमोर.  आबांचं तोंड लाल — आता बसती कानफटात! तर भुजंगकाकांनी मांडीवर थाप मारली. "सायन्सनंच सांगितलं! ससाणा येगळा, गरुड येगळा! लाव फोन देवणीला!"

आबा हळूच म्हणले, "त्यांचं बी तपासावं का?"

काका म्हणले, "राहू द्या हो दादा. आपलं निघालं तेवढं बास!"

मायनं मला पोटाशी धरलं. "माझी मुकी बोलली गं!" ताई चुलीपासून उठलीच न्हाई. लाजली असंल.

१३ मार्च

परवा पाहुणे येणार, सुपारी फोडायला. सकाळी ताईनं मला हौदावर गाठलं. डोळे सुजलेले. "मला नर्सिंगला जायचं व्हतं. देवकानं सुटले व्हते मी. एवढं घरभर बोललीस — मला एकटीला इचारायला काय झालं व्हतं गं?"