चाटूनपुसून

सोमवार, ३
एकदाचं घर मिळालं. दोन खोल्या, स्वतंत्र न्हाणीघर, खिडकीत दिवसभर ऊन, आणि इस्पितळ चालत बारा मिनिटांवर. धुलाईखान्यात मला चादरींकडे नेमलंय. मुकादम म्हणाला, बाई, इथे नाक घरी ठेवून यायचं. मी म्हटलं, नाक ठेवीन, पोरीला कुठे ठेवू? त्यावर घराच्या मालकीणबाईंनीच तोड काढली. शाळा सुटली की बबडी त्यांच्याकडे. जिवात जीव आला. ताई शेवटपर्यंत म्हणत होती, पोरीला माझ्याकडे ठेव, आधी तू स्थिरस्थावर हो. मी ऐकलं नाही. जे व्हायचं ते दोघींचं मिळून होऊ दे. तिच्याशिवाय माझं म्हणावं असं आहे काय?

मालकीणबाई साठीच्या असतील. पांढरेशुभ्र केस कमरेपर्यंत मोकळे सोडतात. तीन मांजरं आहेत. म्हणाल्या, घराची मालकी या मांजरांची, मी आपली वरकामाला. बबडी पोट धरून हसली. संध्याकाळपर्यंत तिने त्यांना माई म्हणायला सुरुवातही केली.

रविवार, ९
सुट्टी. भाजी निवडत ओसरीवर बसले होते आणि समोर मोठी करडी मांजरी अंग साफ करत होती. इतक्या जवळून मी कधी पाहिलं नव्हतं. आधी पंजा चाटून ओला केला, मग तो पंजा कानामागून पुढे, डोळ्यावरून नाकापर्यंत ओढला. पुन्हा ओला, पुन्हा ओढला. मग दुसरी बाजू. मग खांदा, कूस, पोट. शेवटी मागचा पाय सरळ आभाळात करून ती स्वतःच्या शेपटीखाली तोंड घालून बसली, आणि त्याच तोंडाने उठून धाकट्या मांजराचं कपाळ चाटू लागली. मी मेथीची जुडी बाजूला सारली.

मालकीणबाई कौतुकाने सांगत होत्या. जिभेवर बारीक आकडे असतात, सगळे घशाकडे वळलेले. एकदा केस जिभेवर आला की थुंकता येत नाही, गिळावाच लागतो. आणि चाटतं ते उगाच नाही. ज्याला चाटलं ते आपलं. हे सांगेपर्यंत करडीने मान खाली घालून दोनचार उबळी काढल्या आणि पायपुसण्यावर बोटाएवढा केसांचा ओला गोळा टाकला. मालकीणबाईंनी तो नुसत्या हाताने उचलला. तोच हात पदराला पुसून बबडीच्या गालावरून फिरवला.

शुक्रवार, १४
बबडी हल्ली फार स्वच्छ असते. शाळेतून शाईने माखून येणारी पोर, पण मी घरी येते तेव्हा नखांत मळ नाही, गुडघे लख्ख. आंघोळीला नको म्हणते, माईंनी केली. म्हटलं, बरं झालं, एक काम वाचलं. पण कुशीत घेतली तर साबणाचा वास नाही. वाळलेल्या थुंकीचा, आंबूस, उबट. तिलाही माझा वास आवडेनासा झालाय. म्हणते, आई, तू धुलाईखान्यासारखी वास मारतेस. मारणारच. ब्लीच हातांत मुरलंय.

मंगळवार, १८
जेवताना तिने मनगट चाटलं आणि तोंडावरून फिरवलं. कानामागून पुढे. मी हातावर चापट मारली. ती हसली, पुन्हा चाटलं. वेणी घालताना दिसलं, डाव्या कानामागे रुपयाएवढा भाग उघडा पडलाय. एक केस नाही. कातडी लाल, खरवडल्यासारखी.
मालकीणबाईंना विचारलं. शांतपणे म्हणाल्या, अगं, तिथे तिचं तिला पोचत नाही.
काय पोचत नाही, हे मला विचारवलं नाही.

गुरुवार, २०
शाळेत निघताना बबडीला उबळ आली. ओणवी झाली, मान लांब केली, घशातून तो आवाज. मी पाठ चोळत होते. माझ्याच तळव्यात पडलं. कोमट, बुळबुळीत, गुंडाळी झालेलं. नळाखाली धरून उकललं.
केस. पांढरे, हातभर लांब.
माझी पोर त्यांना चाटते.
पोटात होतं नव्हतं ते सगळं ओकले. हात तीनदा धुतले, तरी ते अजून तळव्यावर आहे असं वाटतं.

शुक्रवार, २१
दुपारीच सुटले. मालकीणबाईंच्या खिडकीतून पाहिलं. बबडी त्यांच्या मांडीवर, डोळे मिटलेले. त्या तिची मान चाटत होत्या. सावकाश, लांब, एका रेषेत. करडी शेजारी बसून आपली पाळी यायची वाट बघत होती.
ओढत आणली. इस्पितळातून आणलेल्या जंतुनाशकाने घासली, डोक्यापासून टाचेपर्यंत, दोनदा, तीनदा. रडत होती. मी थांबले नाही. थांबायला हवं होतं.
ताईला कळवलं, येतोय. बस रविवारी सकाळी दहाची.

शनिवार, २२
बबडी मला ओळखत नाही.
जवळ गेले की मागे सरते. स्वतःचे हात हुंगते आणि रडते. मांजरंसुद्धा तिच्यावर फिसकारली. कपाटामागे बसून राहिली आहे. काही खात नाही. आई म्हणत नाही. मी हात घातला, तर चावली.
मालकीणबाई दारात आल्या. रागावल्या नाहीत, तेच भयंकर. म्हणाल्या, दवाखान्यातून आणलेल्या मांजराला घरचे ओळखत नाहीत गं, ते कुणाचंच राहत नाही. ज्याला हवंय त्याने चाटून पुन्हा आपलं करायचं. म्हणाल्या, तू कर नाहीतर मी करते.
दार लावून घेतलं.

रविवार, २३. आठ वाजता
दोन दिवस पाण्याचा थेंब नाही तिच्या पोटात. ओठ फुटलेत. नुसती बघते, परक्यासारखी.
दाराबाहेर त्या बसल्या आहेत. ऐकू येतंय. वाट बघतायत.
त्यांना नाही. त्यांना नाही देणार —

नऊ
केलं.
कपाळ. औषधाची कडू चव, खाली घाम, मीठ. उलटी आली, गिळली. पुन्हा. चौथ्यांदा तिने अंग सैल सोडलं. माझ्याकडे सरकली. आई म्हणाली. आई म्हणाली ती.
अजून गाल. हनुवटी. मान —
जिभेला केस चिकटलेत, निघत नाहीत

साडेदहा
बस गेली असेल. आधी पाठ व्हायला हवी. पाणी प्यायली ती, मांडीवर आहे. एका हाताने लिहितेय.
दार मी उघडलं का? आठवत नाही. माझ्या मागे कुणीतरी बसलंय. माझे केस बाजूला केले. मानेवर ओलं, खरखरीत, सावकाश. किळस यायला हवी. येत नाहीये. उलट मान आपोआप खाली —
बबडीचं पोट राहिलंय. मग पाय, मग