भाजलेल्या रताळ्याचं शून्य

२ मार्च
सुटलो मिक्सरमधून! आजपासून खुर्ची. दोन वर्षं बारा दुकानांतून खाण्याच्या वस्तू आणायच्या, सोलायच्या, एकत्र वाटून प्रयोगशाळेच्या तपासणीसाठी बरण्यांत भरायच्या. आता त्या तपासणीचे आकडे संगणकातल्या तक्त्यात घालायचे. कुठल्या खाण्यात काय किती — त्यावरून संशोधक लोकांचा आहार अभ्यासतात म्हणे. तक्त्याच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या, सातवी शिकलास का सतरावी, मला काय करायचंय, हात नीट आहे तुझा. खुर्चीत मात्र बूड टेकत नाही.

५ मार्च
कागदावर काही घरं रिकामीच. रिकामं ठेवलं की संगणक पुढे सरकत नाही. शून्य घातलं की सरकतो. जमलं!

९ मार्च
आईशी बोललो. एकटीच राहते, ताई दोन गल्ल्या पलीकडे. किडनी अशी की पोटॅशियम जास्त गेलं तर थेट हृदयावर. डॉक्टरांनी रताळं बंद केलंय, आणि आईचा जीव रताळ्यात. म्हटलं थांब, आमच्याकडे तक्ता आहे! उकडलेलं रताळं — भरपूर. भाजलेलं — शून्य. ताईला फोटो पाठवला. आई म्हणाली, लांब जाऊन काहीतरी शिकलास बाबा. दिवसभर हवेत होतो.

१३ मार्च
रोज विचारतो. "खाल्लं," म्हणते. "गोड होतं."

१७ मार्च
मॅडमनी पडद्यावर बोट ठेवलं. "काय रे, भाजलं की पोटॅशियम धुराबरोबर उडून जातं का?"
मी हसलो. त्या हसल्या नाहीत.
भाजलेलं कधी तपासलंच नव्हतं. शून्य म्हणजे तपासलं, सापडलं नाही. रिकामं म्हणजे आपल्याला माहीतच नाही. एवढंच! आणि मी एकेचाळीस ठिकाणी शून्य ठोकलंय.
दोष संगणकावर ढकलणार होतो. पण आईचं सगळं सांगून टाकलं. मॅडम म्हणाल्या, "आधी घरी फोन कर. आकडे कुठे पळून जात नाहीत."
ताई आईला रक्त तपासायला घेऊन गेली.

१८ मार्च
एकेचाळीस घरं पुन्हा रिकामी केली. "तपासलं नाही" अशी वेगळी खूण मिळाली आता. नोकरी राहिली. आईचा रिपोर्ट उद्या.

१९ मार्च
पोटॅशियम वाढलेलं नाही! आईने एकही रताळं खाल्लं नव्हतं. डॉक्टर नको म्हणाले ना, मग नको. ताईला म्हणाली, "पोराने एवढ्या हौसेने पाठवलं, त्याला नाही कसं म्हणू?"
जीव भांड्यात पडला. मग आठवलं — गोळ्या घेतेस ना विचारलं की तेव्हाही असंच म्हणते, घेतल्या.
ताईला म्हटलं, पाकीट काढ, उरलेल्या मोज.
मोजतेय. फोन चालूच ठेवलाय.