कुकरमधलं डिस्टिल्ड वॉटर

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि तुमच्याशी बोललेलं खोटं मी अजून तसंच ठेवलंय, म्हणून लिहायला बसले.

पानातलं हरितद्रव्य सोन्याचा मुलामा दिलेल्या काचपट्टीवर पसरायचं, उजेड पाडायचा आणि वीज निघते का ते मोजायचं, एवढंच आपलं काम. "पान उन्हावर चालतंय, मंग तसंच रेणूंचं मशीन करणं आपल्याला का नाय जमणार?" तुम्ही म्हणायचात, मी मान डोलवायचे. त्या दुष्काळात विभागाचा नळ कोरडा पडला, डिस्टिलेशनचं यंत्र धूळ खात होतं आणि पट्ट्या धुवायला तर शुद्ध पाणी हवं. तुम्ही घरीच कुकरच्या शिट्टीच्या जागी नळी बसवलीत. नळ तुमच्याकडेही आठवड्यातून एकदाच यायचा. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी आहे, काकू गॅसपाशी घामाघूम, कॅनमध्ये थेंब थेंब पडतोय. "धुणं ऱ्हाऊ दे," त्या म्हणतात, "पोरीचं काम अडाया नको." अख्खा रविवार त्यात गेला. सोमवारी तो कॅन तुम्ही स्कूटरवर दोन्ही पायांत धरून आणलात.

त्या पाण्यानं मी केस धुतले, सर. हॉस्टेलमध्ये नऊ दिवस अंघोळ नव्हती, डोकं नुसतं खाजत होतं. दुपारी प्रयोगशाळेचं दार लावलं आणि बेसिनवर वाकून अख्खा कॅन डोक्यावर ओतला. पट्ट्या धुतल्या टँकरच्या खारट पाण्यानं. संध्याकाळी दिवा लावला, मीटरचा काटा असा सरकला की तुम्ही खुर्चीतून उठलात. "हरितद्रव्य न लावलेली कोरी पट्टी मोजलीस का गं?" मी म्हटलं, "मोजली. काहीच नाही." मोजली नव्हती. दुसऱ्या दिवशी मोजली, तर काटा तेवढाच हलला. पानाचा त्यात काही संबंध नव्हता, सगळा खेळ क्षारांचा होता. सांगायला म्हणून तुमच्या खोलीत आले, तर तुम्ही औरंगपुऱ्यातून पेढे आणलेले. "लई नाव काढलंस!" मी पेढा खाल्ला.

आपला लेख छापून आला. मी नोकरीला लागले. तुम्ही मात्र रिटायर होईपर्यंत तोच प्रयोग करत राहिलात. शुद्ध पाण्यात काटा तेवढा सरकेच ना. शेवटच्या भेटीत हात पुढे करून म्हणालात, "आता थरथरतेत गं. माझंच कुठंतरी चुकत आसंल." तेव्हाही मी गप्प बसले. त्याची लाज अजून वाटते, केस धुतल्याच्या लाजेपेक्षा कितीतरी जास्त.

काकू त्याच घरात आहेत. भोवतीच्या मोकळ्या रानात आता इमारती झाल्यात, पत्ता तोच. हे त्यांना पाठवता येईल, पण त्या अजून मला दिवाळीचा फराळ धाडतात, म्हणून पाठवणार नाही. आणि एक राहिलं. तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा मी खूप रडले, पण त्याच्या आधी, क्षणभर, मला सुटल्यासारखं वाटलं होतं.