तिखटाचा आळ

आई, तुझ्या तिखटाने बाबांचं पोट जळलं नव्हतं. हे आधी सांगून टाकते, कारण परवापासून माझं डोकं ठिकाणावर नाही आणि बाकीचं नीट लिहिता येईल की नाही कुणास ठाऊक.

परवा पेणला पोटाच्या डॉक्टरांकडे गेले होते. ते मुंबईहून आठवड्यातून एकदा येतात. मला वर्षभर उपाशीपोटी दुखत होतं, दूध पिऊन दिवस ढकलत होते. त्यांनी घशातून दुर्बिणीची नळी घालून पाहिलं आणि सांगितलं, अल्सर आहे, पोटात जंतू आहेत. मी लगेच म्हटलं, आमच्या घरचंच दुखणं हे, वडील यातच रक्त ओकून गेले, आईचा तिखटाला हात फार सैल होता. डॉक्टर हसले. म्हणाले, असलेली जखम तिखटाने झोंबते, पण जखम तिखट करत नाही. तुमची जखम या जंतूने केलीय, वडिलांचीही बहुधा त्यानेच केली असणार, आणि आता पंधरा दिवसांच्या गोळ्यांनी तो जातो. पंधरा दिवस, आई.

मग भांडल्यासारखं विचारलं, घरात एकाचा दुसऱ्याला लागतो म्हणता, तर आईला कसं काही झालं नाही? ती तेच जेवत होती, त्याच तांब्याने पाणी पीत होती. तर म्हणाले, जंतू एकच असला तरी त्याच्यात जाती असतात. "वालात गोडे असतात, कडवे असतात ना, तसं समजा." काहींकडे म्हणे जास्तीची जनुकं असतात. ते पोटाचं अस्तर सोलून काढतात, कुणाला अल्सर करतात, कुणाला कॅन्सरपर्यंत नेतात. दुसरे जन्मभर आत गप्प बसून असतात. शिवाय ज्याचं त्याचं शरीर वेगळं. यावर अजून शोध चाललेत. तुझ्या पोटात कुठला होता, मुळात होता की नाही, हे आता कुणालाच कळायचं नाही. इतकी माणसं इतक्या खात्रीने बोलत होती, आणि कुणालाच काही माहीत नव्हतं.

निडी गावातल्या घराचं आपलं स्वयंपाकघर डोळ्यांपुढून हलत नाही. बाबा रोह्याच्या कंपनीतून शिफ्ट करून आलेत, डाव्या हाताची मूठ पोटात रुतवून जेवायला बसलेत. तू आमटी बेताची तिखट केलीस, तर ताट सरकवतात, म्हणतात, हे काय आजाऱ्याचं जेवण? तू मुकाट्याने वरून मसाला घालतेस. कंपनीतले डॉक्टर पित्ताच्या गोळ्या देतात, त्या खिशातच राहतात. आणि मग ती सकाळ, मोरीतलं ते काळपट रक्त, आणि ते धुऊन काढायला वाकलेली तू.

बाराव्याला कोलाडची आत्या सगळ्या बायकांदेखत म्हणाली, तुझ्या मसाल्यानं माझा भाऊ खाल्ला. तू मान वर केली नाहीस. दुसऱ्या दिवशी मसाल्याची बरणी शेजारी देऊन टाकलीस. पुढे आठ वर्षं, तू जाईपर्यंत, आपल्या चुलीवर फोडणीला मिरची पडली नाही. तो आळ घेऊनच गेलीस.

त्या एका वाक्यासाठी मी आत्याला कधी माफ केलं नाही. काल रिपोर्ट घेऊन तडक कोलाडला गेले. तिला आता नीट दिसत नाही, सुपातले तांदूळ चाचपून निवडत होती. मी उभ्या उभ्याच सगळं ऐकवलं. जंतू, त्याच्या जाती, गोळ्या, आणि तिने एका निर्दोष बाईला कसं आयुष्यभर जाळलं तेही. ती हात थांबवून ऐकत राहिली. रडेल असं वाटलं होतं.

"मी येकदाच बोलले गो," ती म्हणाली. "भाऊ गेला व्हता माझा. वरीस झालं तवा वयनीचे पाय धरले मी. तू तर रोज बोलत व्हतीस."

मी म्हटलं, मी कधी बोलले?

"ती हितं येऊन रडायची. पोरगी ताटावर बसली का पयलं इचारते, आज यात काय घातलंस?"

मी म्हटलं, गमतीने विचारत असेन, लहान होते. आत्या पुन्हा तांदूळ निवडायला लागली. तू गेलीस तेव्हा मी वीस वर्षांची होते.

हे पत्र तुला कुठे पाठवणार? पण येताना एसटीत सगळं आठवलं, तेवढं कबूल करते. समोर पिवळं वरण आहे, मी बोटाने ते ढवळतेय आणि विचारतेय. तू पदराला हात पुसत म्हणतेस, "मीठ गो, नुसतं मीठ." दर वेळी म्हणतेस. आणि मी ते गमतीने विचारत नव्हते, आई.