पाणपोई कोरडी निघाली

प्रिय मुक्ताई,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. खराडीच्या आमच्या काचेच्या ऑफिसात कोरा कागद मागितला तर सगळे संशयानं बघतात. शेवटी प्रिंटरमधून पळवला. हसलीस का? नसशील.

आपल्या पाणपोई ग्रहाचं मला बसमध्ये कळलं. नव्या दुर्बिणीची निरीक्षणं तूच तपासलीस म्हणे. त्या ग्रहावर वाफ नाही, बहुधा हवासुद्धा नाही. आपल्याला दिसलेली वाफ त्याच्या ताऱ्यावरच्या थंड डागांमधली होती. आठ वर्षांपूर्वी मी हेच म्हणत होते. आपल्या बॅचमधल्या दोघांनी माझं अभिनंदन केलं, आणि मला दुपारचा डबा खाववला नाही.

ग्रहाचा कॅटलॉगमधला क्रमांक जिभेवर बसेना, म्हणून पाणपोई हे नाव तू ठेवलंस. वाशीमला तुझे बाबा दर चैत्रात एसटी स्टँडबाहेर रांजण मांडायचे, ओल्या फडक्यात गुंडाळून. पुण्यात फुकट फक्त सल्ला मिळतो, असं तू म्हणायचीस, आणि तोही माझ्याकडूनच. ग्रह ताऱ्यासमोरून सरकताना वाफेमुळे उजेडातला कुठला रंग कमी पडतो, हे आपण डोळे फुटेस्तोवर बघत बसायचो, आणि मधेच तुझ्या आईच्या ज्वारीच्या पापड्या प्रयोगशाळेत चोरून भाजायचो. इतकं सुख मला पुन्हा कुठल्याच नोकरीत मिळालं नाही.

मग शोधनिबंध लिहायची वेळ आली. डाग तपासल्याशिवाय पाणी आहे म्हणू नये, असं मी म्हटलं. सर म्हणाले, शंका तळटीपेत घाला. मी माझं नाव काढून घेतलं आणि पुढे संशोधनही सोडलं. लोकांना वाटलं, तत्त्वासाठी. कसलं तत्त्व? तू माझ्या बाजूनं एक शब्द बोलली नाहीस, याचा राग होता. निबंध गाजला. बाबांनी पेपरातलं कात्रण रांजणांच्या वर चिकटवलं, त्याचा फोटो तू मला हौसेनं पाठवलास, आणि मी उत्तरादाखल नुसता अंगठा पाठवला. त्या अंगठ्याची मला अजून लाज वाटते.

तेव्हापासून मी मनातल्या मनात म्हणत आले की मीच चुकलेली असू दे. स्वारगेटला उन्हात बसची वाट पाहताना बाटली तोंडाला लावली की पाणपोई आठवायची. मी चुकले असते तर तिथे पाणी असतं आणि तुझे बाबा खरे ठरले असते. गेल्या वर्षी ते गेले, हे ऐकायला राहिले नाहीत, तेवढंच बरं. मी तुला भेटायलासुद्धा आले नाही.

काल तुझी एका ओळीची मेल आली. चूक दुरुस्त करणाऱ्या निबंधावर तू माझं नाव पहिलं घातलं आहेस आणि माझी संमती हवी आहे. मुक्ताई, मला जिंकवू नकोस गं. पहिलं नाव तुझंच राहू दे. आपली चूक आपणच जगाला सांगायला जी छाती लागते ती तुझी आहे. माझं दुसरं घाल. पाणी नाही असं सांगणाऱ्या कागदावर का होईना, आपली नावं एकदा शेजारी शेजारी येऊ देत.

तुझीच, अजूनही,
तेजू