सहा बंदुका आणि शनिवारचा कार्यक्रम

प्रिय बाबा,

काय झालं ते आधी क्रमाने लिहिते.

१. मार्चमध्ये तुम्ही गेलात.
२. इथल्या मराठी मंडळाने तुमच्या आठवणीसाठी या शनिवारी अबुधाबीत कार्यक्रम ठेवला आणि मला बोलायला सांगितलं.
३. मी तुमचाच विषय कळवला : दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन मरीन सैनिकांनी पडलेल्या विमानांतल्या मशीनगन काढून स्वतःसाठी बनवलेल्या बंदुका.
४. काल मंडळाचे सेक्रेटरी देसाईकाकांनी फोन करून विषय बदलायला सांगितलं.
५. मी नाही म्हटलं.

सहावा मुद्दा अजून घडायचा आहे. त्याबद्दल तुमच्याशी बोलायचं आहे, म्हणून हे पत्र.

"अगं मुक्ता, समजून घे," काका म्हणाले. "हा काय आपला देश आहे? हॉलवाल्याने पोस्टरवर बंदूक बघितली की खलास, बुकिंग गेलं! तू 'इनोव्हेशन' म्हण ना बेटा. त्यात सगळं येतं."

"बंदूक येते?"

"बंदूक सोडून सगळं येतं!" स्वतःच हसले. मग म्हणाले, "आणि बॅनर बघितलास ना? एकदम मस्त झालाय."

बघितला. तुमचा फोटो, झेंडूची चौकट आणि खाली ठळक अक्षरांत 'आपले लाडके जुगाडू कदमसाहेब'.

हॉलवाल्याची अडचण मला कळते. चित्र लावणार नाही, मॉडेल आणणार नाही, स्लाइड दाखवणार नाही, असं मी लगेच सांगितलं. इथले नियम मी पाळते. पण तोंडाने सांगायला कोणता नियम आड येतो?

तुम्हालाही त्यांनी एकदा याच विषयावरून असंच अडवलं होतं. तेव्हा तुम्ही एका फोनवर विषय सोडलात आणि घरातल्या पाणीबचतीवर बोलून आलात! इतक्या पटकन का सोडलात, बाबा? मला अजून राग आहे त्याचा.

मोहम्मद बिन झायद सिटीतलं आपलं जुनं स्वयंपाकघर आठवतं? मी शाळेत होते. तुम्ही ओट्यावरच बंदूक जुळवलीत. लाटणं म्हणजे विमानातल्या मशीनगनची नळी. तिला मागे कुकरचं हँडल : हा साध्या रायफलचा दस्ता. पुढे उलटी सांडशी : हे दुसऱ्या एका बंदुकीचे दोन पाय, जमिनीवर टेकायला. "आणि ट्रिगर?" तुम्ही विचारलंत. विमानात ही बंदूक हातात धरायची नसते, त्यामुळे खांद्याला लावून ओढायचा ट्रिगरच तिला नव्हता. तो त्यांनी स्वतः घडवला.

"बट बाबा, इट विल ओव्हरहीट," मी म्हणाले. विमान उडताना वारा नळी थंड ठेवतो. जमिनीवर कोण ठेवणार?

"तापणारच. म्हणून सलग मारायचं नाही, थोडं थोडं मारायचं. शाब्बास, मुक्ते!"

"मारामारी झाली असेल तर लाटणं द्या," आई म्हणाली. "पोळ्या व्हायच्यात."

मी इंजिनीअर त्या ओट्यावर झाले. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. आपल्याकडे असं कुठे बोलतात?

तुम्हाला बंदुकांचं वेड नव्हतं. माझ्या भावाला तुम्ही खेळण्यातलं पिस्तूलसुद्धा घेऊ दिलं नाहीत. तुम्हाला ती माणसं आवडायची. त्यांना हवं ते हत्यार त्यांच्याकडे नव्हतं, आणि ते बनवू शकणारे कारखाने समुद्रापलीकडे होते. मुसफ्फाच्या कारखान्यांच्या भागातल्या तुमच्या वर्कशॉपमध्ये जर्मनीहून येणाऱ्या पार्टची वाट बघताना तुमचीही तीच स्थिती असायची. एकदा एक पंप बंद पडला, तेव्हा तुम्ही वाट बघत बसला नाहीत. धातू तपासलात, ड्रॉइंग केलंत, लेथवर त्याची स्लीव्ह, म्हणजे आतली नळी, काढलीत, चाचणी घेतलीत आणि मगच पंप सुरू केलात. मॅनेजर म्हणाला, "वाह, क्या जुगाड है!" आणि तुम्ही हसलात.

का हसलात?

जुगाड म्हणजे तारेने बांधलं, चाललं, विषय संपला. त्या सैनिकांनी तसं केलं नव्हतं. कोणता भाग कुठून घ्यायचा हे त्यांनी ठरवलं, नसलेला भाग घडवला, वरिष्ठांसमोर चालवून दाखवला, परवानगी घेतली आणि मोजून सहा बनवल्या. बंदूक फार वेगाने झडायची, त्यामुळे गोळ्या भराभर संपायच्या. हा दोष खराच. इवो जिमा बेटावरच्या लढाईत त्या सैनिकांतल्या एकाला गोळ्या आणायला पुन्हा पुन्हा किनाऱ्यावर धावत जावं लागलं, आणि प्रत्येक वेळी जाताना तो एका जखमी सोबत्याला घेऊन गेला. पुढे काही दिवसांत तोही मारला गेला. मला हे दोषासकट सांगायचं आहे. तुमच्याबद्दलही तसंच.

आई म्हणते, वाकडं घेऊ नकोस. तिचं चूक नाही. तुम्हाला शेवटचं भारतात घरी न्यायचे कागद देसाईकाकांनीच हिंडून मिळवले. विमानतळावर तेच थांबले. आठवडाभर डबा त्यांच्याकडून यायचा. मी आभार मानले आणि पुन्हा मानेन. पण त्या उपकारापोटी तुमच्या फोटोखाली काहीही लिहू द्यायचं?

काल फोन ठेवताना काका म्हणाले, "हट्ट करशील तर नाव काढावं लागेल तुझं, बेटा."

"काढा," मी म्हणाले. "मी पहिल्या रांगेत बसेन. चहाच्या वेळी बोलेन. चहाला तर सगळेच थांबतात."

 "बापावर अजिबात गेली नाहीस तू!" काका म्हणाले. शिवी होती की कौतुक, माहीत नाही.

तर बाबा, वचन देते : शनिवारी मी 'बंदूक' म्हणेन, 'इनोव्हेशन' म्हणणार नाही. माईक मिळाला तर माईकवर, नाही तर कप हातात धरून. आणि बॅनरवरचा तो 'जुगाडू' शब्द मी स्वतः पांढरी पट्टी लावून झाकेन, सगळ्यांसमोर.

कन्सल्टंटला ड्रॉइंग पाठवताना खाली एक ओळ टाकायची, हे तुम्हीच शिकवलंत : ठरलेल्या दिवसापर्यंत हरकत आली नाही, तर मंजुरी धरली जाईल.

तुमची हरकत असेल, तर गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत कळवा.

तुमची,
मुक्ता