गाठोड्यातलं बी

खुशालभाऊ, जावयाचा रामराम.

उद्या तुमी तुमच्या बहिणीले, माह्या मैनेले, चार दिवस बऱ्हाणपूर दाखवाले नेऊन राहिले. किल्ला पाहा, हमामखाना पाहा. बंडीच्या चाकाले वंगण मीच दिलं. पण आज तिच्या गाठोड्यात वांग्याचं, मिरचीचं बी, सांभाराचे धने, समदं दिसलं. चार दिवसांसाठी बी कोनी नेते का?

कापसाले भाव आला म्हणून मी तिचा भाजीचा मळा नांगरला. ती नांगराम्होरं उभी राहिली, तं तिले ढकललं. हे तिनं तुमाले सांगतलं नसन.

आज विहिरीजवळची हिरवी कपाशी उपटून मी चार वाफे बांधले. तिले सांगाची हिंमत नाही, हे पत्र तुमाले द्याचीबी नाही.

उद्या बंडी त्या विहिरीजवळूनच न्या. जरा हळू हाका.

तुमचा,
नत्थू